मोगऱ्याची परंपरा

तुळशीला मंजिरी येते, मंजिरीत बी धरते, ते बी वृंदावनाच्या कडेला पडते आणि मृगाचा पाऊस झाला की तिथे आपोआप रोपे उगवतात. कुणी लावली नाही तरी तुळस पुढे चालू राहते. मोगऱ्याचे तसे नाही. आपण दारात लावतो तो भरदार पाकळ्यांचा मोगरा बी धरत नाही. फूल उमलते, रात्रभर दरवळते, दुसऱ्या दिवशी पिवळसर जांभळे पडून गळते आणि मागे काहीच ठेवत नाही. त्याचा वंश पुढे न्यायचा तर कुणीतरी फांदी तोडून मातीत खोचावी लागते, नाहीतर वेलीची फांदी वाकवून मातीखाली दाबावी लागते. म्हणजे आज घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत विसाव्या मजल्यावरच्या कुंडीत उभा असलेला मोगरा ही कुणाच्या तरी अंगणातल्या मोगऱ्याची फांदी आहे, आणि ते अंगणातले झाड त्याच्याही आधीच्या कुठल्या झाडाची फांदी होते. असे मागे मागे जावे तर शेकडो वर्षे जाता येते. ह्या साखळीत एकही कडी अशी नाही की जिथे माणसाचा हात नव्हता. एका पिढीने फांदी दिली नसती, तर पुढच्या पिढीला फूल मिळाले नसते.

वारकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे माळ एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालावी लागते. वारी बापाने मुलाला दाखवावी लागते. म्हणून मोगऱ्याचा इतिहास हा आपल्या ओळखीच्या रीतीचा इतिहास आहे. तो पाहू.

संस्कृतात मोगऱ्याला मल्लिका म्हणतात. अमरकोशात मल्लिकेची जी नावे दिली आहेत त्यांत दोन नावे विचार करण्यासारखी आहेत. एक भूपदी आणि दुसरे शीतभीरू. भूपदी म्हणजे जिचे पाऊल भुईवर आहे ती. शीतभीरू म्हणजे थंडीला भिणारी. कोशकाराने दोन शब्दांत झाडाची सगळी प्रकृती सांगितली. मोगरा फार उंच जात नाही, जमिनीलगत पसरतो, फांद्या टेकवतो. थंडीत तो गप्प राहतो, पाने पिवळी पडतात, वाढ थांबते. ऊन तापू लागले की त्याला जाग येते. ज्या दिवसांत माणूस, जनावर आणि गवत सगळे हैराण झालेले असते, त्याच दिवसांत हे झाड सर्वांत जास्त देते. कालिदासाने रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात उन्हाळ्याचे वर्णन करताना संध्याकाळी उमलणाऱ्या मल्लिकेची आठवण केली आहे. ज्याने मोगरा लावला आहे त्याला हे पटेल. कळी दिवसभर मिटलेली असते, ऊन उतरले की फुगते आणि दिवेलागणीला फुटते.

मोगरा हा शब्द मात्र मल्लिकेवरून आलेला नाही. तो मुद्गर ह्या शब्दापासून आला. मुद्गर म्हणजे गदेसारखे, टोकाला गोल असलेले हत्यार. धुणे बडवायच्या लाकडी दांडक्याला आपण मोगरी म्हणतो, तीही त्याच घरातली. देठावर बसलेली मोगऱ्याची टपोरी कळी पाहिली म्हणजे नाव ठेवणाऱ्याला मुद्गर का आठवला हे कळते. राजदरबारातल्या कवीने झाडाला मल्लिका म्हटले आणि कष्टकऱ्याने आपल्या हातातल्या अवजाराचे नाव दिले. मराठीने कष्टकऱ्याचे नाव उचलले.

आणि हे नाव मराठीत किती जुने आहे याची साक्ष आपल्या ज्ञानेश्वरीत आहे. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. प्रवरेच्या काठी नेवाशाला माउलींनी गीतेवरची टीका पूर्ण केली. त्या वेळी देवगिरीवर रामचंद्रदेव यादवाचे राज्य होते, आणि आपले ठाणेसुद्धा त्याच यादवांच्या अंमलाखाली होते. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस माउली आपल्या ओवीबद्दल सांगतात. ही ओवी गायली तर रंग आणते आणि न गाता नुसती वाचली तरी तिचा रंग उणा होत नाही, असा त्यांचा भाव आहे. ह्याला दृष्टांत दिला आहे तो वसंताच्या आरंभी येणाऱ्या वाटोळ्या मोगऱ्यांचा. ती फुले माळेत गुंफली काय आणि मोकळी राहिली काय, सुवास तेवढाच.

इतिहासाच्या दृष्टीने ह्या एका दृष्टांतात किती माहिती आहे पाहा. पहिली गोष्ट, सातशे वर्षांपूर्वी मोगरा हाच शब्द बोलीत होता, आणि तो इतका घरचा होता की समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुसरी गोष्ट, तो वसंताच्या आगमनाबरोबर येतो हे श्रोत्यांना ठाऊक होते. आजही फाल्गुन सरताना पहिल्या कळ्या दिसतात. तिसरी गोष्ट, फुले वाटोळी होती. म्हणजे आज ज्याला आपण बटमोगरा म्हणतो तशा गोल, भरल्या कळीचे रूप त्या वेळच्या माणसांच्या डोळ्यांपुढे होते. चौथी गोष्ट, त्याचे हार गुंफले जात होते. माळ्याचे काम, हाराचे काम, दोऱ्याचे काम तेव्हाही चालू होते. ताम्रपटात राजाचे नाव सापडते, दान दिलेल्या गावाचे नाव सापडते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक कशाचा वास घेत होते, हे कळायला मात्र संताची ओवी लागते.

माउलींच्या नावावरचा मोगऱ्याचा अभंग तर लहान मुलालाही येतो. त्यातले मोगऱ्याचे रोप आहे ते राजाच्या बागेत नाही आणि रानातही नाही. ते दारात लावलेले आहे. ही जागा महत्त्वाची आहे. मोगरा घराच्या उंबऱ्याशी राहणारे, सांडपाण्यावर वाढणारे, घरच्या बाईच्या हाताखालचे झाड आहे. आणि अभंगात पुढे दोन गोष्टी येतात, त्या दोन्हींकडे माळ्याच्या डोळ्यांनी पाहावे. एक, हे रोप आभाळापर्यंत जाते. दुसरी, फुले खुडावीत तसा बहर वाढत जातो. पहिली गोष्ट अनुभवाची आहे, ती साधकाला कळते. अमरकोशातली भूपदी, जिचे पाऊल भुईवर, तीच माउलींच्या दारात गगनाला भिडली. दुसरी गोष्ट मात्र अध्यात्माची आहेच आणि शेतीचीही आहे. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीच्या शेंड्यावर. शेंडा खुडला की बगलेतून दोन फुटी निघतात, दोन फुटींना कळ्यांचे दोन घोस येतात. जो मोगरा कुणी खुडत नाही, छाटत नाही, तो पानांनी भरतो आणि फुलाला कमी येतो. हे माउलींना शास्त्र म्हणून सांगायचे नव्हते. पण ज्याने झाड नीट पाहिले आहे त्याच्याच मुखातून असा दृष्टांत येतो.

ज्ञानेश्वरी स्वतः आपल्यापर्यंत कशी आली हेही इथे आठवते. तीही फांदीवरून फांदी अशीच आली. एकाने लिहिली, दुसऱ्याने उतरवून घेतली, तिसऱ्याने त्यावरून पुन्हा नक्कल केली. नकलांमध्ये चुका शिरल्या, कुणी पदरचे शब्द घातले. मग शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये नाथबाबांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. माळी डिसेंबरात मोगऱ्याची वाळकी, रोगट, भलतीकडे गेलेली फांदी काढतो, त्याच जातीचे हे काम. छाटणीने झाड लहान होत नाही. पुढच्या बहराची सोय होते.

नाथबाबांच्या काळातच मोगऱ्याला दुसरे एक आयुष्य मिळाले होते. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने आईन-ए-अकबरीत सुवासिक फुलांची यादी दिली आहे. त्यात चमेली, रायबेल, चंपा, केतकी यांच्या पंगतीत मुंगराही आहे. तिथे फुलांपासून तेले आणि अत्तरे निघत होती. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आले होते. गोव्यात ते इ.स. १५१० पासून होते, वसई त्यांच्या हाती इ.स. १५३४ मध्ये गेली. कोकणी आणि मराठी तोंडचा मोगरी हा शब्द त्यांनी उचलला आणि आपल्या भाषेत मोगोरिम, बोगारिम असा फिरवला. तिथून तो युरोपात इतका रुळला की इ.स. १७८९ मध्ये जुस्यू नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ह्या गटातल्या फुलांना मोगोरियम असे शास्त्रीय नाव दिले. पुढे ते नाव मागे पडले आणि आज शास्त्रज्ञ आपल्या मोगऱ्याला जास्मिनम सॅम्बॅक म्हणतात. त्यातला सॅम्बॅक हा शब्द अरबी आहे. पण काही काळ का होईना, धुणे बडवायच्या मोगरीचा शब्द लॅटिन ग्रंथात जाऊन बसला होता.

फांदी पूर्वेकडेही गेली. चीनमध्ये मोगऱ्याच्या कळ्या रात्रभर चहाच्या पानांत ठेवून चहाला सुवास देतात. फिलिपिन्सने इ.स. १९३४ मध्ये मोगऱ्याला आपले राष्ट्रीय फूल ठरवले, तिथे चर्चच्या दारात त्याच्या माळा विकल्या जातात. भाषा वेगळी, देव वेगळा, पण फूल हातात घेतले की माणसाला ते कुणाला तरी वाहावेसे वाटते, हे सगळीकडे सारखे.

आता घोडबंदराकडे येऊ. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, मोघरपाडा, भाईंदरपाडा, गायमुख असा हा सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता घोडबंदर गावापाशी पोहोचतो. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. ह्या खाडीच्या बंदरात अरबी घोडे उतरत, म्हणून नाव घोडबंदर. तिथल्या टेकडीवर पोर्तुगिजांनी किल्ला बांधला. इ.स. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाण्याबरोबर तो मराठ्यांकडे आला, आणि दोन वर्षांनी, इ.स. १७३९ मध्ये, वसई पडली. बंदराच्या जमाखर्चात घोडे येतात, मीठ येते, जकात येते. दारातले मोगऱ्याचे रोप कुठल्याच जमाखर्चात येत नाही. मोघरपाडा हे नाव कानाला मोगऱ्यासारखे लागते खरे, पण अक्षरात फरक आहे, आणि नुसत्या आवाजाच्या साम्यावर गावाचा इतिहास उभा करू नये. ह्या पट्ट्यातला मोगरा नावात शोधण्यापेक्षा अंगणात शोधावा.

ह्या गावांच्या नावांतून पाडा हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पाडा म्हणजे थोडकी घरे, पुढे अंगण, मागे परसू, भोवती भातखाचरे. आगरी, कोळी आणि आदिवासी वस्तीची ही जमीन. ठाणे-कल्याणच्या आगरी गावांत हरिनाम सप्ताहाची आणि भजनाची परंपरा घट्ट आहे. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला ह. भ. प. संत सावळाराम महाराजांचे नाव आहे ते उगीच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कारखाने आले, इ.स. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली आणि त्यानंतरच्या काळात खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. आता डोक्यावरून मेट्रोचे खांब गेले आहेत, मोघरपाड्यात कारशेडची जागा ठरली आहे. पाड्यातल्या घराला अंगण होते, फ्लॅटला बाल्कनी आहे. मोगरा अंगणातून कुंडीत आला. हे वाईटच झाले असे म्हणू नये. बी न धरणारे झाड जागेवर हट्ट धरून बसले असते तर कधीच संपले असते. फांदी खोचायला वीतभर माती मिळाली की ते पुन्हा उभे राहते.

फक्त ते कसे सांभाळायचे, हे ज्ञान अंगणाबरोबर जाता कामा नये. ते इथे नोंदवून ठेवतो.

पावसाळा हा फांदी लावण्याचा काळ. फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी, तीन-चार पेरांची, सहा ते आठ इंच लांबीची फांदी घ्यावी. खालची पाने काढावीत, दोन पेरे मातीत जातील अशी खोचावी आणि सावलीत ठेवावी. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. दुसरी रीत दाब कलमाची. झाडाची लवचीक फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबावा, वर दगड ठेवावा. आईपासून न तोडता तिला मुळे फुटू द्यावीत, मग वेगळी करावी. ही रीत जुनी आणि खात्रीची. कुंडी निदान बारा इंची असावी, तळाला भोक मोकळे असावे. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात मोगऱ्याच्या मुळाशी पाणी साचले की झाड पिवळे पडून कुजते. पावसाने मोगरा मरतो असे लोक म्हणतात, पण तो मरतो साचलेल्या पाण्याने.

दिवसाला पाच-सहा तास चांगले ऊन हवे. सावलीतला मोगरा जगतो, पण फुलत नाही. मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, काही दिवस पाणी कमी करून झाडाला विसावा द्यावा आणि मग जमिनीपासून सुमारे दीड फुटावर छाटणी करावी. कुंडीतले झाड आणखी थोडे खाली छाटले तरी चालते. नवख्या माणसाचा हात इथे थरथरतो. पण छाटल्याशिवाय बहर धरता येत नाही. छाटणीनंतर मुळाशी चांगले कुजलेले शेणखत द्यावे आणि पाणी पुन्हा सुरू करावे. फाल्गुनात नवी फूट, नव्या फुटीवर कळ्या. एक बहर ओसरला की शेंडे खुडावेत, पुढचा बहर येतो. असे पावसाळा लागेपर्यंत चालते. कळी पोखरणारी अळी आली तर त्या कळ्या खुडून टाकाव्यात, निंबोळीचा अर्क फवारावा.

ही झाली घरची चार फुले. उत्सवाला, पूजेला, लग्नाला जे हार आणि गजरे लागतात ती फुले कुठून येतात, हा इतिहासाचा पुढचा आणि आपल्या काळजीचा भाग आहे. वसईच्या पट्ट्यातल्या माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला फुले पुरवली. पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या दादरला जातात, तिथून गजरेवाल्यांकडे आणि देवळांच्या दारी. अलीकडच्या काळात विक्रमगड आणि जव्हार तालुक्यांत आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला. हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तिथली शेती पावसावरची. भात, नागली, वरई निघाली की शेतात काम उरत नाही. मग दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. कुणी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, कुणी वसई-ठाण्याच्या बांधकामावर. लहान मुले बरोबर जातात, त्यांची शाळा सुटते. पावसाच्या तोंडावर घरी परतायचे आणि पुन्हा दिवाळीनंतर निघायचे.

ह्या ठिकाणी मोगऱ्याचा शीतभीरू स्वभाव उपकाराला आला. ज्या महिन्यांत भाताच्या शेतकऱ्याला काम नसते, नेमक्या त्याच महिन्यांत मोगरा फुलतो. थोडकी जागा, विहिरीचे किंवा ओढ्याचे थोडके पाणी, आणि रोज हातात पडणारे पैसे. ज्या घराने मोगरा लावला त्या घराला उन्हाळ्यात गाव सोडण्याची गरज कमी झाली. फूल तोडायला मात्र पहाटे उठावे लागते. कळी उमलण्याआधी, ऊन चढण्याआधी ती खुडावी लागते, नाहीतर बाजारात पोहोचेपर्यंत ती फुटते आणि भाव जातो. एका किलोत कळ्या हजारांच्या घरात असतात आणि एकेक कळी बोटांनी खुडावी लागते. देवळात काकडा चालू असतो त्या वेळी एखाद्या पाड्यावरची माउली कंबर वाकवून मोगऱ्याच्या ओळीत उभी असते. घोडबंदरच्या इमारतींचे मजले चढवायला ज्यांना यावे लागत होते, त्यांच्यातल्या काहींना मोगऱ्याने घरी ठेवले. ज्या बाल्कनीत आपण आज हौसेने मोगरा लावतो, तिच्याखालच्या पायाचे खड्डे ह्याच उन्हाळी मजुरीने खणले गेले असतील, हे आपण विसरू नये.

आणि हा आधार किती नाजूक आहे हेही काळाने दाखवले. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली. मोगऱ्याचा बहर नुकता सुरू झाला होता. देवळे बंद, लग्ने बंद, गाड्या बंद, फुलबाजार बंद. धान्य कोठीत ठेवता येते, कांदा चाळीत ठेवता येतो. मोगऱ्याची कळी एका रात्रीपुरती असते. झाडाला टाळेबंदी कळत नाही, ते फुलतच राहिले, आणि न खुडलेल्या कळ्या झाडावरच उमलून गळाल्या. त्या वर्षी आषाढी वारी पायी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, १ जुलैला एकादशी झाली. महाराष्ट्रातली मंदिरे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. वारी चुकल्याचे दुःख आपल्याला आहे आणि ते खरे आहे. त्याच दुःखात ह्या शेतकऱ्याचा बुडालेला बहरही आठवावा. देवाच्या दारची गर्दी थांबते तेव्हा दूरच्या पाड्यावरची चूलही थंडावते.

आपल्या पांडुरंगाला मोगरा लागतो का, असे कुणी विचारील. विठ्ठलाला तुळस प्रिय, गळ्यात तुळशीहार, कपाळी बुक्का. अरणच्या सावतोबांना तर मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठाई दिसली. परंपरा सांगते की सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला. म्हणजे फुलाची किंमत फुलाच्या भावावर नाही, हे वारकऱ्याने केव्हाच ठरवले आहे. तरीही उन्हाळ्यात मोगऱ्याला देवाघरी मान असतो. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत देवाला चंदनउटी लावतात. आळंदीला माउलींच्या समाधीवर वासंतिक उटी होते. गावोगाव उटीची भजने होतात. देवाला ऊन लागते म्हणून शीतळ चंदन लावायचे आणि शीतळ वासाचे फूल वाहायचे. चंदनउटीचा काळ आणि मोगऱ्याचा बहर एकच. आपल्या जिवाची जी तगमग होते ती देवाची समजून त्याला गारवा द्यायचा, असा हा साधा प्रेमभाव आहे. हीच माया चार पावले पुढे न्यावी आणि फूल खुडणाऱ्या हातापर्यंत पोचवावी. गजरा घेताना घासाघीस करून दोन रुपये वाचवण्यात काय हशील? त्या गजऱ्यात कुणाची तरी पहाट आहे.

फूल वाहून झाल्यावर त्याचे काय होते तेही पाहिले पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गायमुखाला खाडीत टाकलेले निर्माल्य देवाला पोचत नाही, ते खारफुटीत अडकते. ठाण्यात निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत करण्याचे काम चालते, त्याला हातभार लावावा. नाहीतर घरच्याच कुंडीत ते मातीआड करावे. देवाच्या पायावरून उतरलेला मोगरा मोगऱ्याच्या मुळाशी गेला, याहून चांगली गती कोणती?

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला करता येण्यासारखी आहे आणि तिला पैसा लागत नाही. पावसाळ्यात मोगऱ्याची एक फांदी खोचावी आणि ती धरली की दुसऱ्याला द्यावी. शेजारच्या दाराला, सप्ताहात भेटलेल्या माउलीला, इमारतीत नव्याने राहायला आलेल्या घराला. देताना छाटणीचा महिना सांगावा, पाणी साचू देऊ नको म्हणून सांगावे. नुसते रोप दिले आणि रीत दिली नाही तर परंपरा अर्धीच दिली. ज्यांची अंगणे गेली त्यांच्या म्हाताऱ्या माणसांकडे ही रीत अजून आहे. ती त्यांच्याकडून वेळेवर मागून घ्यावी.

शेवटी पुन्हा माउलींच्या त्या दृष्टांतापाशी येऊ, कारण घोडबंदरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या वारकऱ्याला त्याची विशेष गरज आहे. दिंडीत चालणारा वारकरी हा गुंफलेला मोगरा आहे. पताका, वीणा, टाळ, माउलीचा गजर, पुढे मागे सोबती, आणि सगळ्यांतून गेलेला एक दोरा. पण सगळ्यांनाच दिंडी लाभत नाही. कुणाला रजा मिळत नाही, कुणाचे गुडघे चालत नाहीत, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कुणी कापूरबावडीच्या रहदारीत रोज चार तास घालवतो आणि बसमध्येच हरिपाठ म्हणतो. वीणेकरी पुढे गेला आणि आपण मागे राहिलो अशी खंत अशा जिवाला लागते. त्याने ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा शेवट उघडून पाहावा. तिथे माउली ओवीबद्दल बोलतात, पण ते आपल्यालाही घेता येते. वाटोळा मोगरा माळेत असो की मोकळा, त्याचा परिमळ उणा होत नाही. माळेतला मोगरा देवाच्या गळ्यात जातो आणि मोकळा मोगरा ओंजळीतून देवाच्या पायांवर पडतो. दोन्ही फुले एकाच झाडाची.

आणि ते झाड कुणीतरी, कधीतरी, आपल्या आधी लावलेले.

रामकृष्णहरि.